किवोमा, किकावा

साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची अर्धी हयात 'रस' या एका शब्दाभोवती फिरण्यात जाते. माझी गेली. रस, रसिक, आस्वाद, रुची, अभिरुची, माधुर्य, रसग्रहण : आपल्या समीक्षेची ही सगळी परिभाषा जिभेवरून उचललेली आहे, हे मी दर वर्षी एम. ए.च्या नव्या वर्गाला सांगते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दिलेला जेवणाचा दृष्टान्तही सांगते. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस जसा त्यातले रस चाखतो, तसा प्रेक्षक स्थायी भाव चाखतो, असा तो दृष्टान्त. मुले लिहून घेतात. परीक्षेत 'पुढील कवितेचे रसग्रहण करा' असा प्रश्न येतो, मुले ते करतात, मी त्याला गुण देते. अठरा वर्षे हे सुरळीत चालले होते. या परिभाषेतला जवळजवळ प्रत्येक शब्द खाणाऱ्याच्या बाजूचा आहे ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली ती मात्र वर्गात नव्हे. ती कंपालामध्ये आली, आणि तीही तोंडाची चव गेल्यावर.

२०२१ च्या फेब्रुवारीत मी बिनपगारी रजा घेऊन युगांडात गेले. नवरा तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरीला होता. घरकामाला आणि स्वयंपाकाला मदत करायला एक बाई येत. सगळे त्यांना 'नालोंगो' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. लुगांडा भाषेत नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बाप तो सालोंगो. जुळी होणे ही बुगांडात इतकी मानाची गोष्ट आहे की आईबापांचे मूळ नाव मागे पडते आणि ही पदवीच त्यांचे नाव होऊन बसते. जुळ्यांची नावेही आधीच ठरलेली. दोघे मुलगे असले तर आधी जन्मला तो वास्वा, मागून आला तो काटो. युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पुरत्या उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. त्यामुळे अकरा वर्षांचे वास्वा आणि काटो आईबरोबर येत आणि मागच्या ओट्यावर बसून राहत. माझे लुगांडाचे अध्यापक तेच. मानधन म्हणून शेंगदाण्याची चिक्की.

पहिला धडा शेजारधर्मातून झाला. पहिल्या आठवड्यात मी भरली वांगी केली होती. नालोंगोंनी चव घेतली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "व्हेरी स्वीट." मी ओशाळले. गूळ जरा जास्तच पडला असावा असे वाटून पुढच्या वेळी तो निम्मा केला. तरीही "व्हेरी स्वीट". मग सुक्या बटाट्याची भाजी, जिच्यात गुळाचा खडाही नव्हता, तीही 'स्वीट' ठरली, तेव्हा मी काटोला विचारले. तो म्हणाला, "आई 'किवोमा' म्हणतेय." लुगांडात 'ओकुवोमा' म्हणजे चवदार असणे. भाजलेले मांस, तळलेला मासा, भुईमुगाची आमटी, आंबा, गाणे, गप्पा, सगळे 'वोमा' असू शकते. युगांडातले लोक इंग्रजी बोलताना त्याचे 'स्वीट' करतात आणि आपल्यासारख्या नवख्या माणसाला साखर आठवते. खास साखरेचा, उसाचा गोडवा सांगायचा असला तर 'ओकुवोमेरेरा' असे त्याच धातूचे लांबवलेले रूप आहे.

मी हा किस्सा हसत हसत घरी फोनवर सांगितला. आई म्हणाली, "मग आपण नाही का म्हणत, दोन घास गोड मानून घ्या म्हणून? तेव्हा ताटात काय जिलबी असते?" मराठीची एम. ए. मी, आई जुनी मॅट्रिक. तिचे बरोबर होते. 'जेवण गोड लागेना' हे आपण ज्या माणसाविषयी म्हणतो, त्याच्या पानात पिठले-भाकरी असली तरी म्हणतो. गोड हा शब्द गुळाच्या घराण्यातला, पण मराठीत तो केव्हाच रुचीचा प्रतिनिधी झाला आहे. मी नालोंगोंना ज्या गोष्टीसाठी हसले ती माझ्या स्वतःच्या तोंडात होती.

फरक आहे तो व्याकरणात, आणि मला त्यानेच जास्त गुंतवले. मराठीतल्या सहाही चवी विशेषणे आहेत : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. त्यातही गंमत अशी की यातले एकही विशेषण विकारी नाही. चांगला, चांगली, चांगले होते. पण आंबट कैरी, आंबट ताक, आंबट आंबा. नामाच्या लिंगवचनाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. चव सांगायला आपण बहुधा 'लागणे' वापरतो, आणि ज्याला लागते त्याला चतुर्थीत बसवतो : मला गोड लागले. म्हणजे चव ही पदार्थाकडून येऊन माणसाला चिकटणारी गोष्ट, आणि वाक्याचा कौल माणसाच्या हाती. लुगांडात 'वोमा' हे क्रियापद आहे. पदार्थ ते करतो. आणि पदार्थ कोणत्या वर्गातला यावर त्या क्रियापदाचे तोंड बदलते. जेवण असेल तर 'एम्मेरे एवोमा', दूध असेल तर 'आमाता गावोमा', भुईमुगाची आमटी 'एबिन्येब्वा बिवोमा', आणि ज्याला नाव नाही अशी कुठलीही वस्तू 'किवोमा'. जो उपसर्ग-वर्गांचा खेळ बुगांडा (देश), मुगांडा (माणूस), बागांडा (माणसे) आणि लुगांडा (भाषा) या शब्दांत दिसतो, तोच इथे चवीला लागतो. खाणाऱ्याला वाक्यात आणायचेच असेल तर धातूला जोड देऊन 'किम्पोमेरा' म्हणता येते, म्हणजे ते मला रुचते. पण आणलेच पाहिजे असे नाही. पदार्थ आपला आपण चवदार असतो. भाषाही : 'ओलुगांडा लुवोमा', लुगांडा गोड आहे. जीभ आणि भाषा या दोहोंना तिथे एकच शब्द आहे, 'ओलुलिमी', त्यामुळे हे वाक्य म्हणताना जिभेनेच जिभेची चव घेतल्यासारखे होते.

दुसरा धडा इतका सुखाचा नव्हता. मी चिंचगुळाची आमटी केली, माझ्या मते उत्तम. नालोंगोंनी चमचाभर तोंडात टाकली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "किकावा." मी वास्वाकडे पाहिले. त्याने भाषांतर केले, "बिटर." कडू? फोडणीत मेथ्या जळल्या की काय, म्हणून मी दोनदा चाखून पाहिले. काही कडू नव्हते. मला राग आला, आणि तो राग कसला होता हे आज सांगायला हरकत नाही : हिला आपल्या अन्नातले काय कळते, असा तो होता. तोंडाने मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी पातेले जरा आदळून ठेवले असणार, कारण पुढचे दोन दिवस नालोंगोंनी माझ्या पदार्थांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून 'एंतुला' आणली. लहान, पांढरट-हिरव्या वांग्यांसारखी दिसणारी, कडवट चवीची ही फळे बागांडा आवडीने खातात. त्याहून बारीक 'कातुंकुमा' तर पुरती कडू, आणि रक्तदाबावर चांगली म्हणून वडीलधारी माणसे मुद्दाम खातात. "किकावा," नालोंगो म्हणाल्या, आणि या वेळी त्या हसत होत्या. मग त्यांनी लिंबू कापले. "एकावा." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'ओकुकावा' हे एकच क्रियापद आंबटालाही आहे आणि कडूलाही. आमटीला त्यांनी आंबट म्हटले होते. वास्वाला शाळेतल्या इंग्रजीतून जो शब्द आधी सापडला तो त्याने दिला. दूध किंवा पेय आंबून आंबट झाले तर त्याला वेगळा शब्द आहे, 'ओकुकातूका'. पण चिंच काही आंबलेली नव्हती.

मी काटोला विचारले की मग एखादी गोष्ट लिंबासारखी आहे की एंतुलासारखी हे ऐकणाऱ्याला कळते कसे? तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की जणू मी विचारले असावे, 'पाऊस पडतो आहे' म्हटल्यावर तो वरून पडतो की खालून हे कळते कसे. शेवटी म्हणाला, "लिंबाला डोळे मिटतात. एंतुलाला जीभ बाहेर येते. आणि लिंबू तर समोर दिसतंच ना?" चव सांगणारा आणि ऐकणारा बहुधा एकाच ताटावर बसलेले असतात, ही गोष्ट शब्दकोशाच्या बाजूने विचार करणाऱ्या माझ्यासारखीच्या ध्यानात येत नाही.

यावर एक विद्वत्तापूर्ण निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो पूर्वी अनेकांना झाला आहे. इंग्रज मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९०४ मध्ये तथाकथित 'आदिम' लोकांच्या चवीच्या नावांवर निबंध लिहिला. त्या काळी शब्द कमी म्हणजे इंद्रिय कच्चे, असे मानण्याकडे कल होता. गंमत अशी की पुढे इंग्रजी भाषकांवरच प्रयोग झाले तेव्हा त्यांच्यातही कडू आणि आंबट यांची नावे सर्रास एकमेकांच्या जागी पडतात असे दिसून आले, दोन वेगळे शब्द पदरी असताना. आणि आपण तरी? वैद्यकातले षड्रस घ्या : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातला कटु म्हणजे मिरीसारखा, तिखट. आणि तिक्त म्हणजे कडुनिंबासारखा, कडू. पण आपला 'कडू' हा शब्द आला आहे त्याच 'कटु'पासून. संस्कृतात जो शब्द तिखटाचा होता तो मराठीत येईपर्यंत कडवटाचा झाला, आणि तिखटाची रिकामी पडलेली जागा 'तीक्ष्ण'च्या वंशजाने भरून काढली. म्हणजे आमच्याही पूर्वजांपैकी कोणीतरी, कुठल्यातरी शतकात, मिरी आणि निंब एकाच शब्दाच्या हवाली करून निश्चिंत बसले होते. ते अर्धवट जिभेचे होते असे मी वर्गात कधी म्हटलेले नाही. नालोंगोंविषयी मात्र पातेले आदळताना तेच म्हणत होते.

त्यानंतर मी पदार्थ चाखायला देताना शब्द ऐकू लागले. मीठ जास्त झाले की खारट अशा अर्थाचे काही नालोंगोंच्या तोंडून आले नाही. 'ओमुन्न्यो मुंगी', मीठ पुष्कळ आहे, एवढेच. मीठमसाला घालण्याला 'ओकुलुंगा' असे क्रियापद आहे, आणि त्यातूनच 'एबिरुंगो', म्हणजे मसाले. मिरचीला 'कामुलाली', आणि ती जे करते ते 'ओकुबालागाला', म्हणजे झोंबणे. हे क्रियापद ऐकून मी थबकले, कारण 'काबालागाला' हे पिकलेली छोटी केळी आणि कसाव्याचे पीठ मळून तळलेल्या गोड पुरीचे नाव मी रस्त्यावर रोज ऐकत होते. शिवाय त्याच नावाचे, रात्री जागणारे एक उपनगर कंपालात आहे. गोड पुरीच्या नावात झोंबणे ऐकू येते, असे मी म्हटल्यावर जुळे इतके हसले, की ती पुढे महिनाभराची करमणूक झाली.

काही शब्द तर समुद्र ओलांडून माझ्या आधीच तिथे पोहोचले होते. हळदीच्या पिवळ्या मसाल्याला 'बिंझाली', जो स्वाहिली 'बिझारी'तून आला. चहाला 'चायी', चपातीला 'चापाती'. अंड्याचे आमलेट चपातीत गुंडाळले की तो रस्त्यावरचा 'रोलेक्स'. आणि साखरेला 'सुकाली'. संस्कृत शर्करा इराण, अरबस्तान, स्वाहिली किनारा अशी फिरत सुकाली झाली, आणि तीच शर्करा घरच्या घरी साखर झाली. साखर कारखाने तिथे काढले तेही गुजरातेतून गेलेल्या उद्योजकांनी. लुगाझीचा कारखाना १९२४ चा. त्यांच्याच वंशजांना १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दांना मात्र कोणी हाकलले नाही. मधाचे लुगांडातले नाव मला सर्वांत आवडले : 'ओमुबिसी ग्वेंजुकी', मधमाश्यांचा रस. केळ्यांचा रसही ओमुबिसीच. रस हा शब्द मला इथेही भेटला तर.

एप्रिलमध्ये गावाकडून फोन यायला लागले ते वेगळे. करोनाची दुसरी लाट होती. आई, भाऊ, वहिनी तिघेही आजारी पडले आणि, आमचे नशीब, घरच्या घरी बरे झाले. १ मेपासून युगांडाने भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. मी गेले असते तर परत येता आले नसते, आणि सगळे बरे आहेत तर कशाला येतेस, असे भाऊही म्हणाला. आईच्या तोंडाची चव मात्र परतली नाही. "ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं गं," ती म्हणायची. जिने बहात्तर वर्षांत स्वतःच्या तोंडाविषयी कधी तक्रार केली नव्हती, तिचे हे वाक्य मला फोन ठेवल्यावरही ऐकू येत राही.

जूनमध्ये कंपालात लाट आली. १८ जूनला बेचाळीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात मी अंथरुणाला खिळले. ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी कॉफी तोंडात घेतली आणि ती नुसती गरम होती. आल्याचा तुकडा चावला. तो झोंबला, पण आले नव्हते. मीठ कुठेतरी दूरवर कळत होते. सहा चवींचे सहा शब्द माझ्याजवळ जसेच्या तसे होते, त्यांच्या व्युत्पत्तींसह, आणि ते लावायला काही उरले नव्हते. अशा अवस्थेत माणूस काय शिकतो ते पुष्कळांनी लिहिले आहे, मी पाल्हाळ लावत नाही. मला सांगायचे आहे ते फाटकाजवळचे.

नालोंगो आमच्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहत. घरात यायला त्यांना मीच मनाई केली होती. तरी रोज दुपारी त्या फाटकाजवळच्या दगडी कठड्यावर एक झाकलेले भांडे ठेवून चार हात मागे उभ्या राहत. आत केळीच्या पानात वाफवलेले मातोके, आणि वर 'एन्वा', म्हणजे कालवण : कधी भुईमुगाचे, कधी 'डोडो'चे, जी आपल्या माठाचीच बहीण. बागांडांच्या ताटाची ही मूळ वाटणी आहे. एम्मेरे म्हणजे पोट भरणारे मुख्य अन्न, आणि एन्वा म्हणजे त्याच्या सोबतीचे. आपल्या भाकरी आणि कालवणासारखी. मी भांडे उचलायची, आणि काय बोलावे ते सुचायचे नाही. 'एवोमा' म्हणणे खोटे झाले असते. मराठीत 'छान झालंय' म्हणतो तेही खोटेच. मला ठाऊक असलेला कौतुकाचा प्रत्येक शब्द जिभेच्या साक्षीवर अवलंबून होता, आणि साक्षीदार फितूर झाला होता.

लुगांडात मी पहिल्या आठवड्यात शिकलेले आणि कधी न वापरलेले एक वाक्य होते. बागांडा लोक एकमेकांना कामाबद्दल धन्यवाद देतात; शेतात काम करणाऱ्याच्या शेजारून जाताना अनोळखी माणूसही देतो. जेवणाबद्दल म्हणायचे ते 'वेबाले कुफुम्बा', स्वयंपाक केलात याबद्दल धन्यवाद. मी ते त्या दुपारी फाटकातून म्हटले. घशातून नीट आवाजही निघत नव्हता. नालोंगो गुडघ्यात किंचित वाकून म्हणाल्या, "काले, न्याबो." बरे आहे, बाई. आणि गेल्या. या वाक्यात मीठ येत नाही, मसाला येत नाही, ते मला आवडले की नाही हेही येत नाही. ते जेवणाआधीही म्हणता आले असते. सव्वीस दिवस मी ते रोज म्हटले.

आता थोडे माझ्या घराविषयी. माझे वडील हायस्कुलात मराठी शिकवत. फार चोखंदळ वाचक आणि तितकेच चोखंदळ जेवणारे. पहिला घास घेतला की ते थांबत, आणि आई पळी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे पाही. मग निकाल लागे. "मीठ अंमळ कमी." किंवा, "आज फोडणी हसली आहे." हे दुसरे म्हणजे प्रथम श्रेणी. आम्हा मुलांना त्यांची ही शैली फार आवडे, आणि मी पुढे पुस्तकपरीक्षणे लिहू लागले ती त्याच शैलीत, हे माझ्या सहकाऱ्यांनी ओळखले आहेच. खमंग, चुरचुरीत, पानचट, कसदार, अळणी. मराठी परीक्षणांचा मसाल्याचा डबा मीही पुष्कळ वापरला आहे. पण त्या घरात आईला कोणी 'स्वयंपाक केलास' असे कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणायला मराठीत वाक्य तरी कुठे आहे? धन्यवाद घरात परके वाटते. 'अन्नदाता सुखी भव' आहे, पण तो आशीर्वाद संस्कृतात आहे आणि ज्याने धान्य भरले त्या यजमानाला आहे. चुलीपुढच्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही. भरताच्या दृष्टान्तात तरी दुसरे काय? तिथे ताट आहे, व्यंजने आहेत, खाणारा प्रसन्नमुख आहे. रांधणारी पडद्याआड.

बरी झाल्यावर मी हे नालोंगोंना मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. 'लुवोम्बो' हा बुगांडाचा मानाचा पदार्थ : धुरावर शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात कोंबडी किंवा मांस, रश्शासकट बांधून वाफेवर शिजवायचे. कबाका म्वांगाच्या स्वयंपाक्याने १८८७ च्या सुमारास तो प्रथम केला, असे सांगतात. पण बागांडांमध्ये जुन्या काळी बायकांनी कोंबडी, अंडी, मटण खायचे नाही असा दंडक होता. म्हणजे आजी जन्मभर पाहुण्यांसाठी कोंबडीचा लुवोम्बो करी, आणि तिने त्याची चव कधीच घेतली नव्हती. "मग मीठ कसं कळायचं?" मी विचारले. "हाताला," नालोंगो म्हणाल्या. नंतर दंडक सैल झाला, नाती-सुना कोंबडी खाऊ लागल्या, त्यांनी आजीलाही आग्रह केला. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, एवढंच होय. हे सांगून नालोंगो हसल्या. मी नाही हसले, कारण मला दुसरेच काही आठवले होते, आणि ते काय हे नीट कळायला आणखी वर्ष जावे लागले.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी परत आले. माझी चव बहुतेक आली होती. आईची आली नव्हती. वास तर नव्हताच, आणि खारटपणा तिला इतका कमी जाणवे की आमटी चाखून ती मीठ घाली, पुन्हा चाखून पुन्हा घाली. घरातल्यांना ती तोंडात धरवेना. वहिनी स्वभावाने चांगली. तिने भांडण न करता हळूहळू स्वयंपाक आपल्याकडे घेतला. आईला भाजी निवडायला, लसूण सोलायला दिले. आई काही बोलली नाही. मे महिन्यात मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलेली होती, पाहुण्यासारखी. मी वहिनीला बाजूला घेऊन बोलायला गेले आणि मलाच कळेना काय सांगावे. आमटी खरोखर खारट होती.

३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. वहिनीला अडचण आली, म्हणून नैवेद्याचा स्वयंपाक आईकडे आला. आमच्याकडे ही शिवाशिव अजून पाळतात. मी त्यावर एरवी वाद घालते, त्या दिवशी घातला नाही. आईने पहाटेपासून एकटीने केले : वरण, भात, अळूचे फदफदे, भोपळ्याची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, एकवीस मोदक. मी नारळ खवून दिला आणि भीत भीत पाहत राहिले. ती पळीतून हातावर काही घेत नव्हती. ओठाला लावत नव्हती. मीठ चिमटीत धरायची, क्षणभर पातेल्याकडे पाहायची आणि सोडायची. हात पुन्हा डब्याकडे जात नव्हता. नैवेद्य चाखायचा नसतो.

आरती झाली, पाने वाढली. भावाने अळूचा घास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मीही घेतला. दाणे, मुळा, चिंच, गूळ, आणि मीठ नेमके तिथे, जिथे ते पन्नास वर्षे असायचे. उंबऱ्याबाहेर वेगळ्या पानावर बसलेली वहिनी मान खाली घालून जेवत होती, आणि मग तिने मागून आणखी भाजी मागितली.

आई पळी हातात धरून उभी होती, वडिलांच्या वेळी उभी राहायची तशीच. पानांकडे नव्हे, तोंडांकडे पाहत. "मीठ?" तिने मला विचारले.

"आई, किती केलंस गं सगळं," मी म्हणाले. "एकटीनं. पहाटे चारपासून."

ती थोडी थांबली. तिला बहुधा ऐकू आले नसावे असे तिला वाटले.

"अगं, मी मीठ विचारलं," आई म्हणाली.